अभिप्रायाची वही

चित्रप्रदर्शनास गेल्यावर मनुष्याने प्रथम काय पाहावे, याविषयी जाणत्यांचे नियम ठरलेले आहेत. कोणी म्हणतात, दाराशी क्षणभर उभे राहून सबंध दालनावरून नजर फिरवावी. कोणी म्हणतात, पहिल्या चित्रापासून क्रमाने जावे आणि चित्राखालची चिठ्ठी शेवटी वाचावी. मी यांपैकी काहीच करीत नाही. मी सरळ दाराजवळच्या मेजाकडे जातो, दोऱ्याने बांधलेले पेन बाजूस सारतो आणि अभिप्रायाची वही उघडून वाचावयास बसतो. चित्रकार जवळ असला तर त्यास प्रथम संतोष वाटतो. कॉलेजातील प्राध्यापक अभिप्राय लिहिण्यास बसले आहेत अशी त्याची समजूत होते. पाव तास लोटला तरी पेन माझ्या हाती आलेले दिसत नाही, तेव्हा मात्र तो दुसऱ्या पाहुण्याकडे वळतो.

हा छंद मला कसा जडला हे सांगण्यासारखे नाही, कारण छंद जडल्यावरच मनुष्यास त्याचा पत्ता लागतो. कोल्हापुरात माझी पंचवीस-तीस वर्षे शिकविण्यात गेली. या मुदतीत पुष्कळ चित्रकारांशी स्नेह जुळला, आणि प्रदर्शन आटोपल्यावर ज्या वह्या त्यांच्या माळ्यावर जावयाच्या त्यांपैकी अकरा वह्या आज माझ्या कपाटात येऊन बसल्या आहेत. घरातील मंडळींनी त्या दोनदा रद्दीच्या ढिगात घातल्या व मी दोनदा परत काढल्या. शेक्सपिअरवरील टीकाग्रंथांच्या शेजारी त्यांना जागा दिलेली पाहून एका विद्वान स्नेह्याने मला कारण विचारले. मी त्यास एक वही वाचावयास दिली. ती त्याने अद्याप परत केलेली नाही.

या वह्यांतील बहुतेक मजकूर वाचण्याच्या योग्यतेचा नसतो, हे आधीच कबूल करतो. पानेच्या पाने 'अप्रतिम', 'अतिशय सुंदर', 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' यांनी भरलेली असतात. ही शेवटची शुभेच्छा आजवर इतक्या चित्रकारांस मिळालेली आहे की, ती सर्व वाटचाल खरोखर घडून आली असती तर कोल्हापुरात एकही चित्रकार उरला नसता. उद्घाटनास आलेली थोर मंडळी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सही करतात आणि मजकुरासाठी जागा ठेवीत नाहीत. परंतु धीर न सोडता पाने उलटीत गेले म्हणजे, खडकाळ रानात एकाएकी करवंदीची जाळी लागावी, तसे एखादे वाक्य भेटते. 'चित्र हुबेहूब आहे. परंतु कोणाचे ते समजले नाही.' एका व्यक्तिचित्राविषयीचा हा अभिप्राय वाचून मी उठलो व ते चित्र पाहून आलो. एक पागोटेवाले गृहस्थ होते. पागोट्याची घडी न् घडी, अंगठीतला खडा, उपरण्याचा काठ, सारे डोळ्यांत तेल घालून काढलेले होते. आणि या सर्व ऐवजाच्या मध्यभागी जो चेहरा असावयाचा तो कोणाचाही चालला असता. यावर मी दोन पाने लिहिली असती. त्या अनामिकाने एक ओळ लिहिली, आणि माझ्या दोन पानांत राहिला नसता इतका अर्थ तीत आहे.

आणखी काही मासले देतो. रंकाळ्याच्या एका निळ्याशार देखाव्याखाली लिहिले होते : 'पाणी पाहून डोळे निवले. जलपर्णी कोठे हलविली तेवढे महापालिकेस कळवावे.' एका बैलगाडीच्या चित्रावर : 'बैलाचे तीन पाय चालत आहेत, चौथा विचार करीत आहे.' भर पावसातील म्हशींच्या तैलचित्राची वर्तमानपत्रातून बरीच वाखाणणी झाली होती. त्यावर गंगावेशीकडील कोणा दूधवाल्याचा अभिप्राय असा : 'कास काढायची राहिली. आमचा धंदा बसला.' एका पैलवानाच्या चित्राविषयी पेन्सिलीने लिहिले होते : 'मांडी तालमीतली, मान कचेरीतली.' आणि देवळाच्या आवारातील दीपमाळेच्या एका जलरंगी चित्राखाली, 'एक गवंडी' एवढीच सही करून : 'हिला टेकू द्यावासा वाटला.'

वाचक हसले असतील. हसावेच. परंतु या हसण्यात एक गोष्ट निसटून जाते, ती अशी की, यांतील प्रत्येक वाक्य चित्रातील एका विशिष्ट जागेवर बोट ठेवते. कास, मान, चौथा पाय, दीपमाळेचा कल. आम्ही विद्वान लोक जेव्हा चित्रावर लिहितो तेव्हा 'अवकाश', 'जाणीव', 'आकृतिबंध', 'अंतर्लय' असे शब्द वापरतो. ते शब्द वाईट नाहीत, मीही ते वापरून पोट भरतो. पण ते कोणत्याही चित्रावर कोठेही ठेवले तरी बसतात. कासेचा अभिप्राय फक्त त्या म्हशीवरच बसतो. थट्टा करावयाची तर आधी नीट पाहावे लागते, ही थट्टेची अट आहे. स्तुतीस तशी अट नाही. स्तुती दारातूनही करता येते.

माझ्या संग्रहातील सर्वांत मोलाचे वाक्य एका बाईचे आहे. सही नाही, परंतु अक्षर वळणदार आणि जपून काढलेले आहे, आणि मजकुरावरून लिहिणारी बाईच असली पाहिजे याविषयी मला शंका वाटत नाही. चित्र पाणवठ्यावरून परतणाऱ्या स्त्रीचे होते. तसली चित्रे आपल्याकडे इतकी झाली आहेत की, त्यांतील घागरी एकत्र केल्या तर एखादे गाव उन्हाळाभर पाणी पिईल. या चित्राखाली ती बाई लिहिते : 'घागर भरलेली आहे असे हात सांगतो, रिकामी आहे असे कंबर सांगते. दोघांपैकी एकाने तरी खरे बोलावे.'

मी चित्रापाशी जाऊन उभा राहिलो. डाव्या कमरेवर घागर होती. तिच्या गळ्याभोवती वेढलेला हात ताणलेला, बोटे पांढरी पडलेली. ओझे आहे हे चित्रकाराने तेथे मनापासून दाखविले होते. पण बाकीचे शरीर खांबासारखे सरळ. भरलेली घागर एका कमरेवर आली की अंग दुसऱ्या बाजूस झुकते, मोकळा हात आपसूक अंगापासून दूर जातो, मान तोल सावरते, आणि पावलेही सारख्या वजनाने पडत नाहीत. शरीराचा भार एका पायावर गेला म्हणजे नितंब, खांदे व मान यांच्या रेषा कशा बदलतात, हे ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात संगमरवरात आणि ब्राँझमध्ये शोधून काढले, आणि युरोपातील कलाशाळा तेच पुढे शतकानुशतके शिकवीत आल्या. या बाईस ते कोणी शिकविले नव्हते. तिने पाणी वाहिले होते. चित्रकाराने पाणी वाहणारी स्त्री पाहिली असेल, परंतु तिच्या कमरेत शिरून पाहिले नव्हते, एवढाच फरक. आणि तो दोन वाक्यांत, कोणासही न दुखविता, किंबहुना हसवून, तिने सांगितला.

अशी टीका कोल्हापुरातच का पिकते, असे कोणी विचारील. अन्यत्र ती नाहीच असे मी म्हणणार नाही. तथापि या गावच्या मातीत काही गुण आहे खरा. येथे पेंटर हे आडनाव होऊ शकते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे १८९० साली जन्मले आणि पुढे सारा महाराष्ट्र त्यांस बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखू लागला. आनंदराव व बाबूराव या आत्ते-मामे की चुलतभावांच्या नात्याचा काथ्याकूट न करता एवढेच म्हणतो की, या दोघा भावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि ते पडदे पाहावयास जमणारे लोक शिंपी, सोनार, सुतार, चांभार, शेतकरी असे होते. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा खटपटीने गावातच तयार करविला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट, लोकांपुढे आणला. पडद्यावरचा महाल खरा वाटतो की नाही, हे ठरविणाऱ्या प्रेक्षकांत महाल बांधणारे गवंडी बसलेले असत. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधविलेल्या खासबागेच्या मैदानात ज्याने कुस्त्या पाहिल्या, त्यास मांडी आणि मान यांचे नाते समजावून द्यावे लागत नाही. गुजरीतला सोनार साजाचे एकेक पान निरखतो; चपला बांधणारा शिवण उलटी करून पाहतो; गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत उभे राहून सोंडेच्या वळणावर वाद घालणारी मुले मी दरसाल पाहतो. ज्या गावात हातांना इतके कळते, तेथे जिभेला धार आल्यावाचून कशी राहील?

छापील टीकेतही या गावाचा हा वसा काही अंशी उतरला आहे. भाई माधवराव बागल यांचे नाव बहुतेकांस प्रजा परिषदेच्या लढ्यामुळे माहीत असते. १८९५ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांचे वडील खंडेराव 'हंटर' नावाचे पत्र चालवीत. नावावरूनच घराण्यातील लेखणीचा स्वभाव कळावा. कोल्हापूरच्या कलावंतांवर त्यांनी पुस्तक लिहिले ते स्वतः कुंचला धरलेल्या माणसाने लिहिलेले आहे, आणि मला त्याचे महत्त्व तेवढ्यासाठीच वाटते. तसेच महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. आयुष्य मुंबईच्या कलाशाळेत गेले, आणि त्या आयुष्याची हकिकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या १९४० सालच्या पुस्तकात सांगितली. मुंबईच्या रस्त्यांवरील तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची त्यांनी काढलेली रेखाचित्रे पाहिली म्हणजे वाटते, अभिप्रायाच्या वहीतला विनोद या माणसाच्या बोटांत होता. पण एकंदरीत मराठीत चित्रांवरची विनोदी टीका छापून फारशी आली नाही. कवितेचे भाग्य निराळे. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा विडंबन हेही परीक्षणच असते हे कवींना मुकाट्याने मान्य करावे लागले. चित्रकारांना असा अत्रे मिळाला नाही. त्यांचे अत्रे वहीत पेन्सिलीने लिहून, सही न करता निघून गेले.

युरोपात हा प्रकार अधिक धिटाईने झाला. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, रन्वार प्रभृती मंडळींनी आपले पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा लुई लरॉय नावाच्या लेखकाने एका विनोदी पत्रात त्याचे परीक्षण लिहिले. एक जुन्या वळणाचा चित्रकार आपल्याबरोबर प्रदर्शनास आला असून एकेक चित्र पाहून त्याचे डोके कसकसे फिरत गेले, असा संवाद त्याने रचला. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावातील 'इम्प्रेशन' हा शब्द त्याने चेष्टेने उचलला, आणि गंमत अशी की तोच शब्द त्या चित्रकारांचे कायमचे नाव होऊन बसला. भिंतीला लावायचा कच्चा कागदसुद्धा या समुद्रदृश्यापेक्षा अधिक पुरा झालेला असतो, अशा अर्थाचे काही त्याने लिहिले आहे. लरॉयचा निकाल चुकला, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. परंतु त्याचा पुरावा खोटा होता काय? ती चित्रे त्या काळच्या अर्थाने खरोखरच 'अपुरी' होती. पुरेपणाची व्याख्याच ती मंडळी बदलीत होती. लरॉयने बदल अचूक पाहिला व त्याची किंमत चुकीची लावली. याच्या उलट रस्किन. १८७७ साली व्हिस्लरच्या चित्रावर तो संतापला. त्याच्या संतापात विनोद नव्हता, आणि व्हिस्लरने त्याला कोर्टात खेचले. पुढील वर्षी व्हिस्लर दावा जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, आणि खर्चाने त्याचे दिवाळे वाजले. रस्किनवर माझी भक्ती आहे. विद्यार्थ्यांना त्याची वाक्ये मी अजूनही मोठ्याने वाचून दाखवितो. परंतु त्या एका चित्रापुरते बोलावयाचे तर, त्याच्यापेक्षा लरॉयने अधिक पाहिले असे मला वाटते.

माझ्या एका वहीत असाच चुकलेला निकाल आहे. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात एका तरुणाने नवीन पद्धतीची चित्रे मांडली होती. रंगांचे मोठमोठे पट्टे, आकार ओळखू येऊ नयेत अशी काळजी घेतलेली. त्यावर एका सुताराने लिहिले : 'चौकटीचे काम फार चांगले. आतले काम सुरू झाल्यावर पुन्हा येईन.' ती चित्रे मला आवडली होती आणि आजही आवडतात. पण हे वाक्यही मी पुसू देणार नाही. त्या तरुणाच्या रंगात चौकटीच्या सांध्याइतका निश्चय नव्हता, हे सुताराने चौकट पाहताना पाहिले. आतल्याकडे त्याचे लक्ष गेलेच नाही, हा त्याचा तोटा.

येथे या टीकेची मर्यादा सांगितली पाहिजे. साम्य आणि कसब यांपलीकडे तिचा हात पोहोचत नाही. जे हातांना माहीत आहे तेच तिला कळते. जे अजून कोणीच केलेले नाही त्यापुढे ती खाकरते आणि चौकटीकडे पाहू लागते. शिवाय तिच्या नावावर पुष्कळ भुरटे लोक जगतात. चित्रकाराच्या दाढीवर, त्याच्या किमतीवर, मॉडेल म्हणून बसलेल्या बाईवर शेरे मारणारे कॉलेजातले विनोदवीर प्रत्येक वहीत भेटतात, आणि एकच विनोद तीन प्रदर्शनांत लिहिणारे एक गृहस्थ मला अक्षरावरून पाठ झाले आहेत. ती टीका नव्हे. चित्राकडे न पाहता लिहिता येतो तो शेरा, मग तो गोड असो की तिखट, मी गाळून टाकतो.

आणि आणखी एक. खोचक वाक्याने चित्रकाराची नजर सुधारेल, त्याची चूल पेटत नाही. आबालाल रहिमान मुंबईस शिकले, व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळविले, आणि मुंबईत नाव काढावयाचे सोडून कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटीतीर्थाच्या काठी राहून ते पाणी, झाडे, धुके, सांज रंगवीत राहिले आणि १९३१ च्या अखेरीस वारले. महाराज १९२२ साली निवर्तल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळशी चित्रे त्या तळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका गावात सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, गावाने ती जपून ठेवली आहे यात गावाच्या मनाला काहीतरी टोचत असावे, असे मला नेहमी वाटते. टीका करणारे येथे पुष्कळ होते. चित्र विकत घेऊन भिंतीवर लावणारे किती होते?

आबालालांची चित्रे टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. तेथे मी एकदा माझ्या परिचयाच्या एका पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांना मुद्दाम घेऊन गेलो. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे दुकान बंद आहे, पण जीभ चालू आहे. रस्त्याने जाताना प्रत्येक फलकावरील अक्षराचे वाभाडे काढल्याशिवाय ते पाऊल पुढे टाकीत नाहीत. आबालालांच्या पाण्याकाठच्या एका लहानशा चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. जवळ गेले, मागे आले, चष्मा पुसला. मी वाट पाहत होतो. शेवटी म्हणाले, "सर, ह्याला नावं ठेवायची तर परत यायला लागतंय." याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

अलीकडे ही वही नाहीशी होऊ लागली आहे. परवा एका प्रदर्शनात मेजावर वहीच्या जागी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटविलेला पाहिला. त्यावर मोबाइल धरला म्हणजे पाच तारे उमटतात, हवे तितके बोटाने दाबावयाचे. मी तो धरून पाहिला. चौथ्या पायाविषयी, कासेविषयी लिहावयास तेथे जागा नव्हती. चित्रकार म्हणाले, "सर, वहीत लोक काहीही लिहितात. नव्या मुलांची मने खचतात." हे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही, कारण असे एक मन मी जवळून पाहिले आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाली, आणि मग घरच्यांचा विरोध पत्करून चित्रकला शिकावयास गेली. चार मैत्रिणींबरोबर तिने पहिले प्रदर्शन मांडले, त्यात तिचे मुख्य चित्र आजीचे होते. सोप्यात बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडणारी म्हातारी. हातांवरच्या शिरा, टरफलांचा ढीग, लुगड्याचा विटका हिरवा, सारे जिव्हाळ्याने काढलेले. पाहणारे थांबत होते. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलेले आढळले : 'हात शेंगांवर, डोळे कॅमेऱ्यावर. आजीला एकदा खाली बघू द्या. — एक प्रेक्षक.'

मी चित्राकडे पाहिले आणि ते वाक्य मला नाकारता येईना. शेंगा फोडणारे मनुष्य असे समोर पाहत नाही. ते चित्र छायाचित्रावरून केलेले होते, आणि छायाचित्र घेणाऱ्याने म्हातारीला 'इकडे बघ' म्हटले होते, हे त्या नजरेत राहिले होते. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, आजी जाऊन दोन वर्षं झाली. माझ्याजवळ तो एकच फोटो आहे." एवढे बोलून ती पडद्यामागे गेली, ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिच्या मैत्रिणींनी ते पान फाडावयास घेतले होते. तिने फाडू दिले नाही. मीही तिला काही सांगितले नाही, काय सांगणार? लिहिणाराचे बरोबर होते, आणि त्याला काहीच ठाऊक नव्हते, आणि चित्रासमोर उभे राहणाराला याहून अधिक ठाऊक असण्याचे बंधन कोणी घालावे?

संध्याकाळी तिने त्या अभिप्रायाखाली बारीक अक्षरांत लिहिले : 'खरे आहे. आजी आता फोटोतच आहे.'

शेवटच्या दिवशी वही चाळताना त्या ओळीखाली पूर्वीचेच अक्षर पुन्हा दिसले. मनुष्य परत येऊन गेला होता. क्षमा मागितलेली नव्हती, सांत्वनही केलेले नव्हते. लिहिले होते : 'मग फोटोच काढायचा. फोटो म्हणून.'

त्या सहा शब्दांच्या आतल्या मजकुरावर ती मुलगी वर्षभर बसली. मध्यंतरी घरी आली तेव्हा माझ्याकडून ती वही मागून घेऊन गेली. पुढच्या साली तिने जे चित्र मांडले त्यात म्हातारी आहे, पण ती भिंतीवर आहे. काचेच्या चौकटीत, किंचित पिवळी पडलेली, समोर पाहणारी. काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड पडून एक गाल दिसेनासा झालेला. चौकटीस चंदनाच्या पट्ट्यांचा हार, बाजूस विजेच्या बटणांची पाटी, शेजारी उलटावयाचे राहून गेलेले दिनदर्शिकेचे पान, आणि खाली, भिंतीला टेकून ठेवलेले रिकामे सूप. मी त्या चित्रापुढे पुष्कळ वेळ उभा होतो. चित्रकलेवर आजवर वाचलेले काहीही त्या वेळी मला आठवले नाही.

त्या प्रदर्शनात तिने आग्रहाने वही ठेवली होती. पहिल्या तीन दिवसांत 'अप्रतिम' आणि 'हार्दिक शुभेच्छा' यांची बारा पाने भरली. ती रोज संध्याकाळी पाने उलटून पाही आणि वही मिटून ठेवी. चौथ्या दिवशी ते अक्षर आले. चित्राचे नाव नव्हते, स्तुतीचा शब्द नव्हता, सहीसुद्धा या खेपेस केलेली नव्हती.

'खिळा बोटभर वर हवा होता.'

ती ते पान घेऊन चित्रापाशी गेली, चौकटीकडे पाहत राहिली, आणि मग इतक्या मोठ्याने हसली की दालनातली माणसे वळून पाहू लागली.